नेत्रसंवादाचा इतिहास : तीव्र शारीरिक विकलांगत्व असलेली मुले आणि नजरेवर चालणारी संगणकप्रणाली

बीजसंज्ञा : नेत्रनियंत्रण, सेरेब्रल पाल्सी, सहभागी रचना, पर्यायी संवाद, देवनागरी लेखन

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका एका बाजूस नीरा नदी आणि दुसऱ्या बाजूस खंबाटकी घाट यांच्यामध्ये वसलेला आहे. (खंडाळा म्हटले की बाहेरच्या माणसास लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण आठवते, आमचा खंडाळा तो नव्हे.) याच तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. मुलींना शिकवून उपयोग काय, त्यांना समजणार काय, असा प्रश्न ज्या काळी प्रतिष्ठित मानला जात होता त्या काळात त्यांनी अध्यापन केले. हा प्रश्न आज मुलींच्या बाबतीत कोणी उघडपणे विचारत नाही. परंतु ज्या मुलाला हात हलविता येत नाही, मान सावरता येत नाही आणि बोलताही येत नाही, त्याच्याबाबत तो अजूनही विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा सुशिक्षितच असतात.

गृहाधारित शिक्षण घेणाऱ्या अशाच एका मुलाच्या घरी प्रस्तुत लेखकास जाण्याचा योग आला. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे हातपाय स्वतःच्या इच्छेने वळत नाहीत. त्याच्या मूल्यमापनाच्या कागदावर ‘प्रतिसाद नाही’ असे दोन शब्द होते. त्याच वेळी त्याची आई त्याला विचारीत होती, ‘भूक लागली का रं?’ मुलाने डोळे आढ्याकडे नेले आणि आई उठून चुलीकडे गेली. ‘त्याचं समदं डोळ्यांत हाय, सर. बघणाऱ्याला कळतंय,’ असे ती म्हणाली. कागदावरील दोन शब्द आणि आढ्याकडे गेलेली ती नजर यांमधील अंतर हाच या लेखाचा विषय आहे. नजरेवर चालणाऱ्या संगणकप्रणालीचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा व शोधकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मुलांनी आणि त्यांचे डोळे वाचणाऱ्या माणसांनी ही प्रणाली कोठे व कशी बदलली, हे त्या कथनात फारसे येत नाही. ते शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

डोळा मोजण्याचा काळ

आरंभी डोळ्याकडून कोणालाही काही ऐकावयाचे नव्हते; तो केवळ मोजावयाचा होता. फ्रेंच नेत्रवैद्य लुई एमिल जाव्हाल यांनी १८७९ च्या सुमारास वाचनाच्या वेळी नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती उड्या घेत जाते, हे मांडले. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी बुबुळावर प्लास्टरची छोटी वाटी बसवून तिला अॅल्युमिनियमचा हलका काटा जोडला व डोळ्याची हालचाल उमटवून घेतली. त्यांचा वाचनविषयक ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला. हे वाचतानासुद्धा आपले डोळे चुरचुरतात. पुढे रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांच्या संशोधनाचे इंग्रजी भाषांतर १९६७ साली आले. एकच चित्र पाहणाऱ्या माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारले की त्याच्या नजरेचा मार्ग बदलतो, असे त्यांनी दाखविले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. नजर काय सांगते हे बऱ्याच अंशी आपण काय विचारतो यावर अवलंबून असते. वर उल्लेखिलेल्या मूल्यमापनात प्रश्नच असा विचारला गेला होता की त्याचे उत्तर बोटाने किंवा तोंडानेच देता यावे.

डोळ्याचा वापर आज्ञेसाठी करण्याचे प्रयत्न गणकयंत्रे आटोपशीर झाल्यावर, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात आकारास आले. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात थॉमस हचिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एरिका’ नावाची प्रणाली तयार केली व १९८९ मध्ये तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकावयाचा, बुबुळाच्या पृष्ठभागावर चमकणारा ठिपका व बाहुलीचा मध्य यांतील अंतर कॅमेऱ्याने मोजावयाचे, आणि त्यावरून नजर पडद्यावर कोठे आहे ते काढावयाचे, हे तत्त्व आजही बहुतेक उपकरणांत कायम आहे.

येथे एक अडचण उभी राहिली. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये तिला मिडास राजाचे नाव दिले. डोळा हा मुळात पाहण्यासाठी आहे. परंतु जे पाहिले ते निवडले गेले, तर माणसाला नुसते पाहता येणेच बंद होते. आपल्याकडे भस्मासुराच्या वराने हीच गोष्ट सांगता आली असती. यावरचा रूढ उपाय म्हणजे ‘ठरावकाल’. नजर एखाद्या चौकोनावर ठराविक काळ, बहुधा अर्धा ते एक सेकंद, स्थिर राहिली तरच निवड झाली असे मानावयाचे. प्रौढ, निरोगी माणसाच्या डोळ्यास हा उपाय साधतो. मात्र ज्या मुलाची मान अनाहूतपणे झटका घेते त्याच्या बाबतीत एक सेकंद म्हणजे फार मोठा काळ होतो.

मुलांनी केलेले बदल

या टप्प्यावर थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण मुलांचा सहभाग नेत्रनियंत्रणाच्या आधीपासून सुरू झाला होता. चार्ल्स ब्लिस यांनी सर्व जगासाठी एक चित्रलिपी रचून ती १९४९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. राष्ट्राराष्ट्रांतील गैरसमज दूर व्हावेत ही त्यांची आकांक्षा होती व जगाने तिची फारशी दखल घेतली नाही. १९७१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील विकलांग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चिन्हे न बोलणाऱ्या मुलांसमोर ठेवली. मुले त्यांकडे बोट वा नजर नेऊ लागली आणि दोनतीन चिन्हे जोडून हव्या त्या अर्थाची नवी चिन्हेही घडवू लागली. शिक्षकांनीही गरजेप्रमाणे बदल केले. ब्लिस यांना हे बदल मान्य नव्हते. त्यावरून उद्भवलेला वाद अनेक वर्षे चालला. आपली लिपी जगात प्रथमच खऱ्या अर्थाने बोलली जात आहे, आणि ती बोलणाऱ्यांनी तिला हात लावला म्हणून आपण रागावलो आहोत, ही विसंगती त्या बुद्धिमान गृहस्थांच्या ध्यानात आली नसावी असे वाटते.

दुसरे उदाहरण बॉस्टन कॉलेजचे आहे. १९९० नंतरच्या दशकात जेम्स गिप्स व सहकाऱ्यांनी डोळ्यांभोवती त्वचेवर इलेक्ट्रोड लावून डोळ्याच्या हालचालीने पडद्यावरील खूण हलविणारी ‘ईगलआइज’ ही प्रणाली बनविली. तीव्र विकलांग मुलांच्या वापरातून तिचे स्वरूप ठरत गेले. ज्या मुलांना काहीच समजत नाही असे मानले जात होते, त्यांपैकी काहींना बरेच समजते हे तिच्यामुळे प्रकट झाले. परंतु चेहऱ्यावर इलेक्ट्रोड लावून घेणे मुलांना सुखाचे नसते. त्याच गटाकडून पुढे साध्या कॅमेऱ्यावर चालणारी, नाकाच्या वा हनुवटीच्या हालचालीचा मागोवा घेणारी ‘कॅमेरा माऊस’ ही प्रणाली पुढे आली आणि ती विनामूल्य उपलब्ध झाली.

मेरिलँड विद्यापीठातील अॅलिसन ड्रुइन यांनी २००२ मध्ये तंत्रज्ञानाच्या रचनेतील मुलांच्या चार भूमिका सांगितल्या : वापरणारा, तपासणारा, माहिती देणारा आणि रचनेतील भागीदार. ही विभागणी उपयुक्त आहे. परंतु बोलता व लिहिता न येणाऱ्या मुलास चौथी भूमिका कशी मिळावी? त्याचे मत समजण्यासाठी जे साधन हवे, तेच तर अजून तयार व्हावयाचे असते. म्हणून येथे भागीदारी शब्दांत शोधून चालत नाही. मुलाने तोंड फिरविले, एका कोपऱ्याकडे पाहणेच टाळले, हसून तीच कृती दहा वेळा केली, यांतून ती वाचावी लागते. इतिहासलेखनाच्या दृष्टीने ही साधनांची गंभीर अडचण आहे. शोधनिबंध, पेटंटे व माहितीपुस्तिका ही सर्व साधने करणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यांत मूल ‘वापरकर्ता क्रमांक तीन’ म्हणून येते. त्याने काय केले याचा पुरावा त्याच्या साक्षीत नसून पुढील आवृत्तीत वाढविलेल्या चौकोनाच्या आकारात असतो.

मुंबईपासून चेन्नईपर्यंत

भारतातील या कथेचा आरंभ महाराष्ट्रात होतो, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे तर घरात होतो. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली ती वकील दांपत्याच्या कन्येच्या निमित्ताने. फातेमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलीच्या उपचारासाठी केलेल्या धडपडीतून १९४७ मध्ये विकलांग मुलांच्या पुनर्वसनाचे कार्य उभे केले. १९५५ साली हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. आणि १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. तिच्या मागेही त्यांची कन्या मालिनी चिब हीच प्रेरणा होती. ही संस्था आता ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. याच चळवळीतून कोलकात्यात १९७४ मध्ये सुधा कौल यांच्या पुढाकाराने आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी आणि मद्रासमध्ये १९८५ साली पूनम नटराजन यांच्या पुढाकाराने आजची ‘विद्यासागर’ ही संस्था उभी राहिली. पुढे भारतात संवादाच्या संगणकप्रणाली जेथे जेथे घडल्या तेथे बहुतेक वेळा यांपैकी एखादी संस्था शेजारी होती. खरगपूरच्या आयआयटीने अनुपम बसू यांच्या मार्गदर्शनाखाली ‘संयोग’ ही चित्रांवर आधारित प्रणाली कोलकात्याच्या संस्थेसाठी विकसित केली. अजित नारायणन यांचे ‘आवाज’ हे साधन चेन्नईत ‘विद्यासागर’च्या सहवासात आकारास आले.

मालिनी चिब यांचे आत्मकथन या संदर्भात अपवादात्मक साधन ठरते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे त्यांनी लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. एका करंगळीने टंकन करून लिहिलेल्या या इंग्रजी पुस्तकाचे नावही त्या बोटावरूनच पडले आहे. त्यांचे साधन नजर नव्हे, बोट आहे. तथापि ‘वापरकर्ता क्रमांक तीन’ स्वतः बोलू लागला की काय सांगतो, हे जाणून घेण्यासाठी आपल्याकडे फार थोडी अशी पुस्तके आहेत.

मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात रवी पूवय्या व अजंता सेन यांच्या मार्गदर्शनाखाली गेल्या दशकात ‘जेलो’ हे चित्राधारित साधन तयार झाले. त्याच्या घडणीत उम्मीद बालविकास केंद्र, जय वकील शाळा, अडॅप्ट, साधना शाळा व शीव रुग्णालय येथील मुले, पालक, शिक्षक व उपचारतज्ज्ञ यांचा सहभाग होता. त्याची एक गोष्ट विशेष वाटते. चित्रांच्या बाजूला भाव व्यक्त करणारी बटणे आहेत : आवडते, होय, आणखी, तसेच नावडते, नाही, कमी. मुलाला वस्तूचे केवळ नाव घ्यावयाचे नसते, त्या वस्तूविषयी मत द्यावयाचे असते, ही जाण या रचनेत दिसते. ‘नको’ म्हणण्याची सोय नसलेले साधन हे मुलाचे नसून त्याला सांभाळणाऱ्याचे असते. ‘जेलो’ मराठीतही उपलब्ध आहे. परंतु ते मूलतः स्पर्शावर चालते.

नजरेवर चालणाऱ्या प्रणालीचा भारतातील महत्त्वाचा प्रयत्न बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रदीप्त बिस्वास यांच्या गटाने ‘विद्यासागर’मधील सेरेब्रल पाल्सी असलेल्या विद्यार्थ्यांसोबत केला. आधी या विद्यार्थ्यांची नजर कशी फिरते याचाच अभ्यास केला गेला. त्यांना पडद्याच्या सर्व भागांकडे सारख्याच सहजतेने पाहता येत नाही व त्यांची नजर वारंवार अनाहूतपणे उडी घेते, असे आढळले. म्हणजे जी अडचण तोवर मुलाची मानली जात होती ती पडद्याच्या मांडणीची ठरली. बटणे कोठे ठेवावयाची व किती मोठी करावयाची हे मुलांच्या नजरेवरून ठरू लागले. २०२० च्या सुमारास याच सहकार्यातून नजरेने चालणारा यंत्रहात तयार झाला व त्याद्वारे कापडावर ठसे उमटविण्याचे काम करून पाहण्यात आले. संवादाकडून रोजगाराकडे टाकलेले हे पाऊल आहे.

मराठीचा प्रश्न

इंग्रजीसाठी बनविलेली प्रणाली मराठीत आणणे म्हणजे बटणावरची अक्षरे बदलणे, असा समज आढळतो. थोडा हिशेब केल्यास तो टिकत नाही. नजर टिपणाऱ्या चांगल्या उपकरणाची चूक अनुकूल स्थितीत अर्धा ते एक अंश असते. साठ सेंटिमीटर अंतरावर एक अंश म्हणजे पडद्यावर सुमारे एक सेंटिमीटर. मान स्थिर नसलेल्या मुलासाठी हीच चूक कित्येक पटींनी वाढते. समजा, त्याला सहा सेंटिमीटरचा चौकोन लागतो. साध्या लॅपटॉपचा पडदा सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद व १९ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर असे पाच रकाने व तीन ओळी, म्हणजे पंधराच चौकोन बसतात. इंग्रजीची २६ अक्षरे दोन पानांत मावतात. मराठीचे स्वर, व्यंजने, मात्रा, अनुस्वार व पायमोड धरता संख्या साठापर्यंत जाते. ‘मला पाणी हवे’ या साध्या वाक्यासाठी दोन मोकळ्या जागा धरून बारा निवडी कराव्या लागतात. प्रत्येक निवडीस शोधण्याचा एक व ठरावकालाचा एक असे दोनच सेकंद धरले, एकही चूक झाली नाही असे मानले, तरी चोवीस सेकंद लागतात. तोवर पाणी आणून झालेले असते.

चित्रे हा अर्थातच झटपट मार्ग आहे. एका कटाक्षात ‘पाणी’ सांगता येते. परंतु चित्रे दुसऱ्याने आधीच निवडलेली असतात. ‘आजी काल उगाच रागावली’ हे वाक्य कोणत्याही फळ्यावर नसते. मुलाला स्वतःचे वाक्य हवे असेल तर लिपी टाळता येत नाही.

आपल्या परंपरेत यावर एक उपाय तयार आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कवर्गापासून पवर्गापर्यंतची पाच ओळी व पाच रकान्यांची वर्णमाला म्हणजे आधी ओळ व मग अक्षर निवडण्याचा सिद्ध तक्ताच होय. पंचवीस अक्षरे एकेक करून विचारावी लागली तर शेवटच्या अक्षरास पंचवीस वेळा विचारावे लागेल. आधी वर्ग व मग अक्षर असे विचारल्यास जास्तीत जास्त दहा वेळा. यास संगणक लागत नाही. क-च-ट-त-प म्हणणारी आई आणि आढ्याकडे जाणारी नजर पुरते. संगणकाच्या बाजूने पाहता, मुंबई आयआयटीतील अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने २०१३ मध्ये आणलेला ‘स्वरचक्र’ हा मोबाईलचा कळफलक याच दिशेचा आहे. त्यात व्यंजनावर बोट ठेवताच त्याच्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते. तो नजरेसाठी बनविलेला नाही. परंतु मोठ्या चौकोनांत दोन टप्प्यांनी निवड ही नजरेचीही गरज आहे, आणि मराठी नेत्रकळफलक रचू इच्छिणाऱ्याने येथून आरंभ करावा.

मोठ्या कंपन्यांनी या क्षेत्रात प्रवेश केल्यापासून चित्र बदलले हे मान्य केले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजमध्ये नेत्रनियंत्रणाची सोय दिली, गूगलने २०२० मध्ये नजरेने वाक्य निवडून बोलविणारे मोबाईल साधन आणले, अॅपलने २०२४ मध्ये आयफोन व आयपॅडच्या पुढच्या कॅमेऱ्यानेच नजर टिपण्यास आरंभ केला. स्वतंत्र उपकरणे लाखोंच्या घरात जात असल्याने हे स्वागतार्ह आहे. तरीही विंडोजची सोय सुरुवातीला केवळ अमेरिकी इंग्रजी कळफलकापुरतीच होती, हे विसरता येत नाही.

कायदा आणि तालुका

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ‘संवाद’ या संज्ञेच्या व्याख्येतच पर्यायी व पूरक संवादपद्धतींचा समावेश केलेला आहे. त्याआधी शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र व बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या तर घरी शिकणाऱ्या मुलास उत्तर देण्याचे साधन मिळणे ओघानेच येते. प्रत्यक्षात त्या क्वचितच एकत्र वाचल्या जातात. घर मिळते, फिरता विशेष शिक्षक येतो, पाठ्यपुस्तक येते. उत्तर देण्याचे साधन येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार विकलांग व्यक्तींची नोंद आहे. त्यांत बोलता व हालता न येणारी, पण पाहता येणारी मुले किती, हे त्या आकड्यातून कळत नाही, कारण तसा रकानाच तेथे नव्हता.

मुंबई व चेन्नईच्या प्रयत्नांत मुले होती ती विशेष शाळांतील. शाळा असल्यामुळेच संशोधकांना ती भेटली. खंडाळ्यासारख्या तालुक्यातील मूल घरात असते. त्याच्याकडे संशोधक पोहोचत नाही, आणि म्हणून पडद्याच्या रचनेत त्याचे घर, त्याची बोली, त्याच्या अंगणातील वस्तू उतरत नाहीत. पुण्यास उपचारासाठी नेणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून मुलाला एस.टी.त मांडीवर घेऊन जाणे होय.

संगणक येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, असे त्या घरी ठरले. जगभर विशेष शिक्षक पारदर्शक पत्रा वापरतात. त्याच्या कोपऱ्यांत चित्रे वा अक्षरे चिकटवितात व पलीकडे बसून मुलाची नजर कोणत्या कोपऱ्याकडे जाते ते पाहतात. आम्ही जाड प्लास्टिकचा तुकडा घेऊन चार कोपऱ्यांत पाणी, भाकरी, झोप व बाहेर अशी चार चित्रे लावली. मुलाने एकाही कोपऱ्याकडे पाहिले नाही. त्याची नजर पुन्हा पुन्हा पत्र्याच्या डाव्या कडेवर, जेथे काहीच नव्हते तेथे जात होती. हे अनाहूत असावे असे मी मनात नोंदविले. आई माझ्या बाजूला येऊन बसली, तिने पत्र्यातून त्याच्याकडे व मग मागे वळून दाराकडे पाहिले. ‘त्याला चित्र नगं, सर. त्याला शेरडं बघायचीत,’ ती म्हणाली. दाराबाहेर दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. पत्र्याच्या डाव्या कडेला आम्ही पाचवे चित्र चिकटविले.